प्रोजेक्टमध्ये माणूस असतो, त्याचा काळ कुठं असतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमचं साताऱ्यात राजवाड्याजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, मी आणि माझे मिस्टर दोघं मिळून बघतो, आणि दिवाळीची सुट्टी संपली की पार जानेवारीपर्यंत आमच्याकडची निम्मी गर्दी शाळेच्या प्रोजेक्टची असते. विषय बहुतेक तोच, वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहून आणलेला, "एका ऐतिहासिक व्यक्तीची माहिती मिळवा व त्या व्यक्तीचे त्यांच्या काळातील महत्त्व लिहा". पोरं काउंटरला हात टेकून म्हणतात, काकू शाहू महाराजांची माहिती काढा, दोन पानं, फोटो कलर. कुठले शाहू महाराज असं विचारलं की सगळी गडबड होते. साताऱ्याचे थोरले शाहू महाराज १७४९ साली गेले, कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ साली जन्मले, मध्ये सव्वाशे वर्षं गेलीत, आणि साताऱ्याच्या गादीवर दुसरे शाहू पण होऊन गेले ते वेगळेच. पण माहिती एकाची आणि फोटो दुसऱ्याचा अशा फायली आमच्याच दुकानातून स्पायरल होऊन जातात, आम्ही सांगतो बाबा हे बदल, तर पोरगं म्हणतं राहू द्या काकू, मॅडम कुठं एवढं बघतात.

हेच मला तुमच्या पेपरातून सांगायचंय, कारण शाळेत जाऊन सांगायला आम्ही कोण.

प्रश्न चांगला आहे हो. ज्यानं कुणी तो पहिल्यांदा काढला असेल त्यानं विचार करून काढलाय. "त्यांच्या काळातील" हे त्या प्रश्नाचं अर्धं अंग आहे आणि तेच कुणी वाचत नाही. जे तयार होऊन येतं त्यात जन्म, आईवडिलांचं नाव, मृत्यू आणि मध्ये "ते थोर समाजसुधारक होते, त्यांनी समाजासाठी मोलाचे कार्य केले, त्यांचे विचार आजही प्रेरणादायी आहेत". मी टायपिंग करते म्हणून मला पाठ झालंय. त्यातलं नाव खोडून दुसरं घाला, एकही वाक्य बदलावं लागत नाही! मग त्यात त्या माणसाचं काय राहिलं? आमच्या लहानपणी दुकानात थोर पुरुषांच्या चित्रांची कार्डं मिळायची, मागच्या बाजूला दहा ओळी माहिती, ती आम्ही वहीत उतरवून काढायचो, तेव्हाही तेच होतं म्हणा, पण निदान हातानं लिहिताना डोळ्याखालून तरी जायचं. आता एआयला विचारतात, दोन मिनिटात चार पानं येतात, ती न वाचता आमच्या व्हॉट्सअपवर येतात आणि प्रिंट निघून थेट फायलीत. प्रिंट काढणारी मी एकटीच ती वाचते असं वाटायला लागलंय.

शिक्षकांना मी दोष देत नाही, त्यांच्यामागं काय काय कामं असतात ते आम्ही बघतो, सर्व्हेचे फॉर्म, इलेक्शनच्या याद्या, ऑनलाईन माहिती भरणं, ते पण आमच्याच दुकानात येऊन स्कॅन करतात बिचारे. एका वर्गाच्या साठ फायली तपासायच्या म्हणल्यावर माणूस कव्हर, अक्षर आणि पानांची संख्याच बघणार. पण म्हणूनच म्हणते, पानं कमी मागा आणि प्रश्न पुरा मागा.

आता एक उदाहरण सांगते, कारण नुसतं तक्रार करून काय उपयोग. लंडनच्या म्युझियममधून वाघनखं आली होती बघा, जुलै २०२४ मध्ये, एसटी स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली होती, आख्खा जिल्हा लोटला होता. आमच्या ओळखीतली एक मुलगी, तेव्हा आठवीत, आजोबांबरोबर बघून आली आणि तिनं तिथं एक नाव वाचलं, ग्रँट डफ. हा कोण, आणि वाघनखं याच्याकडं कशी गेली, एवढाच तिचा प्रश्न. बाकी सगळे वाघनखांबरोबर सेल्फी घेता येतो का बघत होते आणि ही पोरगी त्या साहेबाच्या नावापाशी अडली. मला तिचं फार कौतुक वाटलं. लंडनच्या त्या म्युझियमनं स्वतःच सांगितलंय की ही वाघनखं महाराजांचीच, अफझलखानाच्या वेळचीच, हे खात्रीनं सिद्ध करता येत नाही, ग्रँट डफच्या घराण्याकडून तशी सांगी आलीय. यावरून आपल्याकडं किती वाद झाला ते तुम्हीच छापलंय. पण शाळेतल्या पोराला संशोधन म्हणजे काय हे शिकवायला याच्यापेक्षा भारी उदाहरण कुठं मिळणार, की वस्तू समोर आहे, पेटीवर लिहिलेलं आहे, पण ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि त्याला कसं कळलं हे विचारायचं.

तर ग्रँट डफ म्हणजे जेम्स ग्रँट डफ, १८१८ ते १८२२ साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनी सरकारचा माणूस, होता, पुढं १८२६ साली त्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडात छापला. आणि तो साताऱ्यात होता म्हणजे कुणाच्या दरबारात होता? छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या. राजघराण्याकडची जुनी कागदपत्रं त्याला बघायला मिळाली ती महाराजांमुळंच. म्हणजे एका साहेबाच्या नावावरून पोरगी आपल्या गावच्या राजापर्यंत पोचली, ज्याच्या नावाच्या शाळेवरून ती रोज जाते येते आणि ज्याच्याबद्दल तिला, खरं सांगायचं तर मला पण, एक ओळसुद्धा माहीत नव्हती. आमच्या सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणल्या, "प्रतापशिंव म्हाराज व्हय, त्यांस्नी इंग्रजांनी काशीला न्हेलं." एवढंच, पण ते बरोबर निघालं.

पुढच्या वर्षी नववीला तिला तोच प्रोजेक्ट आला तेव्हा तिनं हेच नाव घेतलं. शाळेतून पहिलं उत्तर आलं की एखादं प्रसिद्ध नाव घे ना, याची माहिती मिळणार नाही. माहिती मिळणार नाही म्हणे, साताऱ्यात बसून! नगरवाचनालयाला त्यांचंच नाव, हायस्कूलला त्यांचंच नाव. यवतेश्वरच्या बाजूला महादरे तळं आहे ना, तेही त्यांच्याच काळातलं.

तिनं जे काढलं ते थोडं सविस्तर सांगते कारण त्यात मजा आहे. प्रतापसिंह १७९३ साली जन्मले आणि १८०८ साली वडील गेल्यावर गादीवर बसले, म्हणजे पंधराव्या वर्षी. गादीवर बसले म्हणजे काय तर नावाला. सगळा कारभार पुण्यात पेशव्यांकडं आणि छत्रपती साताऱ्यात नजरकैदेत असल्यासारखे. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीची लढाई झाली, तिथं बापू गोखले पडले आणि महाराज, त्यांच्या मातोश्री वगैरे इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये इंग्रजांनी त्यांना साताऱ्यात परत गादीवर बसवलं. आता इथं आमच्याकडं काउंटरवरच चर्चा रंगली, एक गिऱ्हाईक म्हणाले मग हे इंग्रजांचे बाहुले झाले, यांचं कसलं आलंय महत्त्व. आणि पोरगी म्हणाली काका तेच तर शोधायचंय.

२५ सप्टेंबर १८१९ चा तह झाला, त्यात नीरा नदीपासून कृष्णा वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर विजापूरपर्यंत राज्य दिलं, पण अट अशी की इंग्रजांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाशीही पत्रव्यवहार करायचा नाही. सुरुवातीला कारभार पण ग्रँट डफच बघायचा, महाराजांच्या हातात पूर्ण कारभार आला तो १८२२ च्या एप्रिलमध्ये. मग त्यांनी काय केलं? सैन्य ठेवायची मोकळीक नाही, लढाई करायची नाही, कुणाला पत्र लिहायचं नाही. अशा माणसानं रस्ते केले, शाळा काढली, पाण्याची सोय केली, जमाखर्च स्वतः बघितला. १८२९ मध्ये महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि त्याच्या बदल्यात वाई भागातलं खंडाळा गाव घेतलं. आज आपण महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जातो तेव्हा हे कुणाच्या डोक्यात असतं.

आता तुम्ही म्हणाल राजे लोक रस्ते बांधायचेच की. पण हीच गंमत आहे, पोरीनं आधीचा काळ वाचला होता म्हणून तिला ते वेगळं दिसलं. त्याच्या आधीची दहा वर्षं बघा, हा माणूस सही करायला पण मोकळा नव्हता. आणि सगळ्या हिंदुस्थानात तेव्हा राजे एकतर लढून संपत होते नाहीतर पेन्शन घेऊन गप्प बसत होते. त्या दोन्हीच्या मधली वाट, म्हणजे तहातलं कलम न कलम वाचून तुम्हीच लिहिलेलं तुम्ही पाळा असं कंपनी सरकारला म्हणणं, ही त्यांनी धरली. जहागीरदारांवर हुकूम कुणाचा चालणार, साताऱ्याचा की इंग्रजांचा, यावरून मुंबई सरकारशी त्यांचं बिनसत गेलं, आणि मग आरोप आले, पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत राजाशी संधान, पलटणीतल्या शिपायांना फितवणं.

१८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्यात आला. त्याचं म्हणणं एवढंच की एका कागदावर सही करा, चूक झाली म्हणा, गादी राहील. आणि महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते कबूल कसं करू, अशी भूमिका. सप्टेंबरात त्यांना रातोरात वाड्यातून काढून लिंब गावाला नेलं, तिथून पुढं काशीला. भाऊ आप्पासाहेब म्हणजे शहाजी यांना गादीवर बसवलं. मला स्वतःला हा प्रसंग वाचून रात्री झोप लागली नाही लवकर. लढाईतला पराक्रम आपल्याला कळतो, पोवाड्यात पण बसतो, पण एका कागदावर सही न करणं यात केवढा दम लागतो ते आपण कधी पोरांना सांगत नाही.

आणि हे तिथंच थांबत नाही. रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षं, तिथं राहिले. भाषा परकी, पैसे संपलेले, मागं महाराज १८४७ साली काशीलाच वारले, १८४८ साली शहाजी पण वारले आणि दत्तक मान्य न करता डलहौसीनं सातारा खालसा केला, तरी हा माणूस अर्ज लिहीतच होता. दत्तक नामंजूर करून राज्य गिळायचं हे डलहौसीनं सुरू केलं ते साताऱ्यापासून, नागपूर आणि झाशी त्याच्या नंतरची. म्हणजे झाशीची राणी ज्या संकटात सापडली त्याची पहिली तालीम आपल्या गावात झालेली. हे वाक्य त्या पोरीनं लिहिलं होतं, मी तिची फाईल वाचताना थांबले आणि दोनदा वाचलं. पुढं १८५७ ला साताऱ्यात बंडाचा कट उघडकीला आला, रंगो बापूजी निसटले ते कुणाला परत सापडले नाहीत, पण त्यांचा मुलगा सीताराम आणि इतर मिळून सतरा जणांना ८ सप्टेंबरला गेंडामाळावर मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. गेंडामाळाकडं आपण रोज जातो येतो, रिक्षावाल्याला नाव सांगितलं की सोडतो.

महत्त्व कशाला म्हणायचं ते मला तरी या एका फायलीतून कळलं. ती एकूण सहा पानांची होती, हातानं लिहिलेली, टायपिंग फक्त मुखपृष्ठाचं आणि नकाशाच्या नावांचं. मार्क किती मिळाले ते विचारू नका, तीस पानांच्या रंगीत फाईलला जास्त मिळाले.

आता एक नाजूक गोष्ट. तिच्या वाचनात वेदोक्ताचा वाद पण आला. प्रतापसिंहांच्या काळात भोसले क्षत्रिय की नाही, त्यांचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही यावरून मोठा वाद पेटला होता, विरोधात सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन आणि बाळाजीपंत नातू वगैरे मंडळी होती. तिच्या वडिलांनी आमच्या दुकानातच तिला सांगितलं, हे वगळ, उगाच शाळेत वाद नको. मी त्यांची भीती समजू शकते, आजकाल स्टेटसवरून डोकी फुटतात. पण मग राजा आणि सरदार यांच्यात काय चाललं होतं, इंग्रजांना कान भरायला माणसं कशी मिळाली, आणि पुढं सत्तर वर्षांनी कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या वेळी तोच वाद परत का पेटला, हे पोराला कळणार कसं. त्या काळातलं भांडण वगळलं की तो काळच उरत नाही, नुसता फोटो उरतो आणि त्याला हार. शेवटी तिनं चार ओळीत लिहिलं, दोन्ही बाजू काय म्हणत होत्या ते, कुणाला शिव्या न देता. मोठ्यांना जमत नाही असं जमवलं पोरीनं.

बाबासाहेबांचं पण असंच होतं. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलच्या आगंमागं आमच्याकडं "घटनेचे शिल्पकार" या हेडिंगखाली किती प्रिंट निघतात त्याला गणती नाही. आणि ते साताऱ्यातच शिकले, ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, त्यांचं नाव घातलं, रजिस्टरला भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४, आणि त्या दिवसाला सरकारनं विद्यार्थी दिवस केलंय. त्यांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. एवढं हाताशी असताना पोरं दिल्लीचा फोटो लावतात. त्यापेक्षा १९०१ च्या उन्हाळ्यात काय झालं ते लिहायला सांगा. वडील नोकरीनिमित्त बाहेर होते, त्यांना भेटायला ही लहान मुलं नवे कपडे घालून रेल्वेनं मसूरला उतरली. स्टेशनमास्तर गोड बोलत होता, जात कळल्यावर तोंड फिरवून गेला. गाडीवान दुप्पट पैसे देऊन पण यायला तयार नाहीत. शेवटी एकजण तयार झाला तो असा की बैलगाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. शाळेत पण शिपाई असेल तर नळ सोडणार, नसेल तर पाणी नाही, बसायला वेगळं गोणपाट. मसूर आपल्याच जिल्ह्यातलं, कराडकडं जाताना लागतं. त्या स्टेशनवर उभं राहून पोरानं हे वाचलं तर राज्यघटनेतलं सतरावं कलम, अस्पृश्यता बंद करणारं, ते कशाला लिहावं लागलं हे त्याला वेगळं समजावून सांगायला नको.

कर्मवीर अण्णांबद्दल, म्हणजे भाऊराव पाटलांबद्दल, मी फार लिहीत नाही, साताऱ्यात त्यांच्याबद्दल बोलायला प्रत्येक घरात कुणीतरी आहे. फक्त एवढंच, की प्रत्येक फायलीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मोडलेलं मंगळसूत्र असतं आणि मुष्टिफंड कुठंच नसतो. कराडजवळच्या काले गावात १९१९ ला रयत शिक्षण संस्थेची सुरुवात, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं शाहू बोर्डिंग नामकरण, हे सगळे लिहितात. पण बोर्डिंगातली पोरं जेवायची कशावर, तर गावोगावच्या बायका मूठ मूठ धान्य बाजूला काढायच्या त्यावर, आणि सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसायची तेव्हा गावातली माणसं काय म्हणायची, हे ज्याला लिहिता येईल त्याला अण्णा कळले असं मी म्हणेन. आज आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी पोरांच्या आज्या त्या मुठीतलं धान्य देणाऱ्या बायकांच्या लेकी सुना. त्यांना विचारा की.

आणि विचारायचंच असेल तर घाई करा, हे मला फार वाटतं. क्रांतिसिंह नाना पाटील आणि प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात भूमिगतांनी चालवलेलं आपलं सरकार, १९४३ ते ४६ चा काळ, त्यावेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या पुढं आहे. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, आता सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा ते सगळं साताराच होतं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली नाव झालं. त्यामुळं आता काय होतं, साताऱ्यातल्या शाळांना वाटतं हा सांगलीचा विषय आणि सांगलीवाल्यांच्या फायलीत कुंडलच्या पलीकडं काही येत नाही. वडूजचा मोर्चा ९ सप्टेंबर १९४२ चा, तिथं परशुराम घार्गे आणि बाकीचे गोळीबारात पडले, तासगावच्या कचेरीवर ३ सप्टेंबरला तिरंगा लागला, शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला पगाराचे पैसे नेणारी पे-स्पेशल रेल्वे अडवली जी. डी. बापू लाडांनी आणि त्यांच्या तुफान सेनेच्या पोरांनी. हा एकच सलग मुलूख आहे आणि आपण तो जिल्ह्याच्या बॉर्डरवर कापून टाकलाय.

पोरं नाना पाटलांवर लिहितात तेव्हा "इंग्रजांना सळो की पळो करून सोडले" एवढ्यावर आटपतात. मग मी विचारते, अरे नाना आधी तलाठी होते, नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत आले, मग तलाठ्याला गावातलं काय काय माहीत असतं सांग बघू. कुणाची जमीन सावकारानं दाबलीय, कुणाचं कर्ज किती, पाटलाचा धाक किती. म्हणून प्रतिसरकारनं न्यायनिवाडे चालवले, सावकारी आणि दारूविरुद्ध कामं केली, बिनखर्चाची गांधी लग्नं लावली, आणि लोकांनी ती मानली. रेल्वे अडवणं जगात पुष्कळ ठिकाणी झालं असेल, पण कोर्ट कचेरी सोडून लोक आपला तंटा घेऊन भूमिगत पोरांकडं जातात ही गोष्ट त्या काळाबद्दल फार बोलते. आमचे एक चुलत आजोबा सांगायचे, "आमच्या बांधाचा तंटा त्या पोरांनी एका रातीत मिटिवला, मामलेदाराकडं तीन वर्सं खेटं घातलं व्हतं." हे कुठल्या पुस्तकात नाही. खरं खोटं तपासायला पाहिजे हे पण बरोबर, म्हाताऱ्या माणसाची आठवण इकडची तिकडं होते. मग पोरानं दोन्ही लिहावं, आजोबा असं म्हणाले, पुस्तकात असं आहे, मला अमुक पटतं आणि का पटतं. त्या शेवटच्या वाक्याला मार्क द्या ना सर. मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात आहे, आजोबांचं रेकॉर्डिंग करायला काय पैसे पडतात का.

साधनं नाहीत म्हणणाऱ्यांना सांगते, मराठी विश्वकोशाचं ऑफिस आपल्या वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते काम उभं केलं, वीस खंड, आणि सगळं इंटरनेटवर फुकट आहे, मराठीत. सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८५ चं, ते इंग्रजीत आहे, पण त्यात आपल्या तालुक्याच्या गावांची, तळ्यांची, बाजारांची माहिती सापडते, ते पण फुकट. त्या नववीतल्या मुलीनं तिच्या मावशीकडून चार पानं समजावून घेतली तेवढ्यात तिचं काम झालं. फक्त गॅझेटियर साहेबांनी लिहिलंय हे पोराला आधी सांगावं लागेल, साहेब प्रतापसिंहांबद्दल काय लिहिणार आणि काय लिहिणार नाही हे त्याचं त्याला हळूहळू कळतं.

माझं मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकारी साहेबांना एवढंच म्हणणं आहे की आख्ख्या वर्गाला एकच नाव देऊ नका. तालुक्यानं नावं वाटा, खंडाळ्याच्या पोरांना नायगावच्या सावित्रीबाई, खटावच्या पोरांना कटगुण, कारण जोतिरावांचं मूळ घराणं तिथलं, कराड वाळव्याला प्रतिसरकार, साताऱ्याला प्रतापसिंह आणि रंगो बापूजी. पाच पानांच्या वर घेऊ नका. त्यात एक पान फक्त त्या माणसाच्या आधी इथं काय चाललं होतं याचं, आणि एक पान त्याच्यानंतर इथल्या साध्या माणसाच्या जगण्यात काय फरक पडला याचं, जमीन, पाणी, शाळा, लग्न, कर, काहीही. आणि फरक पडला नसेल तर तसंही लिहू द्या, सगळ्यांना जमलंच पाहिजे असं थोडंच आहे, प्रतापसिंह महाराज पण शेवटी हरलेच की. कलर प्रिंटची सक्ती तेवढी काढा. हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे, मिस्टर आत्ताच बाजूला उभं राहून तेच म्हणतायत, पण दहा रुपयाच्या एका प्रिंटसाठी चार पोरं वर्गणी काढताना बघवत नाहीत.

वाचनालयवाल्यांना पण विनंती, या दोन तीन महिन्यांत संध्याकाळी शाळेच्या पोरांना मेंबर नसलं तरी बसून वाचू द्यावं, नोंद वहीत करा पाहिजे तर. आणि तुम्हाला संपादक साहेब अशी विनंती की तुमच्याकडं जुन्या अंकांचे गठ्ठे असतील, त्यातलं आठवड्याला एखादं कात्रण, आपल्या दोन जिल्ह्यातलं, जसंच्या तसं तारखेसकट छापत जा, पोरांना त्या काळची भाषा, बाजारभाव, जाहिराती बघायला मिळतील.

पत्र लांबलंय, कापायचं असेल तर महाबळेश्वरचं कापा पण कार्नॅकचं कापू नका. आणि जमलं तर दिवाळीच्या सुट्टीआधी छापा, कारण प्रोजेक्टचे विषय सुट्टीतच देतात आणि एकदा का पोरांनी नाव घेतलं की मग कुणी बदलून देत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा